पागोट्यानं पेरलेलं वावर

नवस मीही बोलले होते. लाकडाला कसला आलाय नवस, असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधी ओळख सांगते. मी तिफण. तीन फणांची, पेरणीची. माझ्या डोक्यावर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. पेरणारा त्या चाड्यात मुठीनं बी सोडत जातो. ते तीन पोकळ नळ्यांतून खाली उतरतं आणि माझ्या फणांनी उकरलेल्या तीन तासांत, म्हणजे चरांत, जाऊन निजतं. काम एवढंच. पण एवढ्याशा कामावर घराचं अख्खं वर्ष टांगलेलं असतं, म्हणून माझ्या जिवाला कायम घोर. त्यात ज्या घरी नांदले ती माणसं देवाधर्माची. त्यांचं बघून बघून मीही सोमवार धरायला शिकले.

तर माझा नवस असा होता : "खंडेश्वरा महादेवा, माझ्या चाड्याला कधी बाईचा हात लागू देऊ नको. तेवढं सांभाळ, दर पेरणीचा पहिला दाणा तुझ्या नावानं सांडीन."

आज हे सांगताना शरम वाटते. पण भीतीपोटी बोललेले नवस असेच असतात. मागताना आपण देवाकडे नक्की काय मागतोय, ते आपल्यालाच कळत नाही.

माझा जन्म खंडेश्वराच्या नांदगावात, एका सुताराच्या अंगणात झाला. बाभळीचं लाकूड दोन वर्षं सावलीत मुरत पडलं होतं. सुतार वाकसानं तासायचा आणि त्याची बायको समोर बसून दोन्ही पायांत लाकूड दाबून धरायची. नळ्यांचे बांबू तिनंच विस्तवावर शेकून सरळ केले. चाडं आतून खापरीनं घासघासून तिनंच गुळगुळीत केलं, मला तेल पाजलं. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "कोनं घडवली गा इतकी गोड?" सुतार म्हणायचा, "म्या." आणि तीही मान डोलवून म्हणायची, "यायनीच."

म्हणजे तयार होईस्तोवर बाईचा हात माझ्या अंगभर फिरत होता. तयार झाल्यावर तोच हात मला चालेना. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

नांदगावापासून दोन कोसांवर नत्थुजीचं घर. मला बैलबंडीत घालून त्यानं तिथं नेलं. घरात तीनच माणसं. नत्थुजी, त्याची विधवा आई मैनाबाई आणि त्याची बायको वच्छला. वच्छलाचं माहेर वर्धेकाठचं, कौंडण्यपुराजवळचं. बोलायला हळू, कामाला चपळ. मी दाराशी आले तेव्हा तिनं माझ्या फणांवर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, गहू आणि खोबऱ्याची वाटी ठेवून माझी ओटी भरली. मला इतकं बरं वाटलं, की माहेरीच आल्यासारखं. तेवढ्यात मागून मैनाबाईचा आवाज आला.

"झालं ना व? सरक आता मांगं. पुढचं काम गड्याचं हाये."

वच्छला सरकली. मग मैनाबाईनं आशाबाईची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीनं माझ्या लाकडात जी भीती शिरली ती पुढं कितीतरी वर्षं निघाली नाही. मैनाबाई नवी नवरी होती तेव्हाचं ते. गावातल्या आशाबाईचा नवरा वारला. वावर पडीक राहील म्हणून तिनं स्वतः चाड्यावर मूठ धरली. त्या साली पाऊस आला नाही. गावानं आशाबाईला माहेरी धाडलं, ती पुन्हा दिसली नाही. तिची तिफण फोडून होळीत घातली.

"तिफणीले बाईचा हात लागला तं पाऊस रुसते," मैनाबाई म्हणाली. "ध्यानात ठेवजो."

वच्छलानं ध्यानात ठेवलं की नाही कोण जाणे. मी ठेवलं. होळीत जळणारी ती तिफण मला दिसत राहिली, आणि त्याच दिवशी मी महादेवाला तो नवस बोलले.

पुढं पाच-सहा सालं बरी गेली. मी गोठ्याच्या वळचणीला टांगलेली असायची आणि माणसांचं बोलणं ऐकत असायची. बैल मागं राहिला की नत्थुजी त्याला म्हणायचा, "काहून बे, बायकोवानी चालून राहिला?" आणि वच्छला बैलांचं दोन वेळचं कुटार एकदम डोक्यावर घेऊन आली की मैनाबाई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "आमची सून गड्यावानी हाये." कपिला गाय मेली तेव्हा नत्थुजी गोठ्यात रडला. त्याच्या चुलत्यानं त्याला ओरडून उठवलं, "बाईवानी काय रडतं?" जड, कठीण, भरवशाचं असेल ते गड्याचं. ढिलं आणि ओलं असेल ते बाईचं. कोणी ठरवून बोलत नव्हतं. श्वास घ्यावा तसं बोलत होते. आणि मलाही ते खरंच वाटायचं.

एक मात्र मी पाहिलं होतं. कापसाची पेरणी माझ्याकडे नसते. सरकी वखरामागं बांधलेल्या बांबूच्या एका नळीतून सोडतात, तिला सरता म्हणतात. सरता धरायचं काम बायकांचं. वखरामागं वाकून चालायचं आणि शेणामातीत घोळलेली सरकी बोटांनी नेमकी सोडत जायची. वच्छलासारखा सरता साऱ्या गावात कोणी धरत नसे. म्हणजे मूठ तीच, बोटं तीच, बी सोडणं तेच. पण सरता मागं राहतो म्हणून तो बाईचा, आणि चाडं पूजेचं म्हणून ते गड्याचं.

आणि मग कापसाला भाव चढला.

साता समुद्रापल्याड कुठं तरी लढाई लागली होती म्हणे. तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडावर सगळ्यांची नजर पडली. अमरावतीच्या बाजारातून आलेला माणूस पारावर बसून रोज नवा भाव सांगायचा, आणि तो ऐकून लोकांच्या डोळ्यांत चमक यायची. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली. तुरीची गेली. नत्थुजीनंही सगळं वावर कापसाखाली घातलं. फक्त नाल्याकडचं खालचं वावर मैनाबाईनं अडवून धरलं.

"माय, कापूस विकून धान्य घेऊ ना," नत्थुजी म्हणाला.

"अन् बजारात धान्यच नसन तं? रुपये शिजवशीन का?"

ते वावर गव्हासाठी राहिलं. बाकी कुठंच खायचं काही पेरलेलं नव्हतं, म्हणून तोच आमच्या घरचा वर्षाचा घास. तुम्ही हे मनात ठेवा, कारण माझी सगळी धाकधूक या एका वावराची आहे.

गहू पेरतात तो पावसावर नाही, जमिनीत उरलेल्या ओलीवर. काळी माती ओल धरून ठेवते, पण कायमची नाही. दिवाळीच्या आगेमागे पेरणी झाली पाहिजे. वरची चार बोटं माती कोरडी पडली की बी मातीत तसंच पडून राहतं.

दसरा झाला आणि नत्थुजी बंडी घेऊन निघाला. पहिल्या वेच्याचा कापूस, आणि गावातल्या खुशालरावाच्या सहा बंड्या सोबत. अकोल्यावरून खामगावच्या बाजारात जायचं होतं. त्यानं नवं पागोटं बांधलं, जुनं खुंटीला अडकवलं.

"आठ-दहा रोजात येतो व," तो म्हणाला. "गव्हाले हात लावू नका. मी आलो का पेरतो."

तो तिला 'व' म्हणायचा, 'अवं' म्हणायचा. चार लोकांत बोलायची वेळ आली तर 'घरचं माणूस'. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण नवराही बायकोचं घेत नाही. घेतलं तर लोक त्याला हसतात. वच्छलाचं नाव त्या घरात फक्त सासूच्या तोंडी होतं, आणि तेही बहुतेक वेळा रागावताना.

दहा दिवस झाले. पंधरा झाले. दिवाळी आली आणि गेली. कोणीतरी सांगत आलं, की खामगावात आडतीपुढं बंड्यांची अर्धा कोस रांग लागली आहे, माणसं तिथंच रांधून खातात, तापाची साथ आहे. नत्थुजीला ताप आहे की नाही ते त्याला सांगता आलं नाही.

वच्छला रोज सकाळी खालच्या वावरात जायची. मातीत बोट खुपसायची. पहिल्या दिवशी एका पेरावर ओल लागली. मग दीड पेरावर. मग दोन. घरी येऊन ती फक्त बोट धुवायची, आणि मैनाबाई त्या बोटाकडे बघत राहायची. सोमवारी दोघी निरंकार उपास करायच्या. एकीचा लेकासाठी, एकीचा नवऱ्यासाठी. गव्हाचं कोणी देवाला सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. मी सांगत होते.

गावात गडीमाणूस उरलं नव्हतं. जे होते त्यांना आपलाच कापूस उरकत नव्हता. मग मैनाबाईनं सहदेवबुवाला बोलावलं. बिचारा म्हातारा, डोळ्यांवर पडदा आलेला, हात झाडाच्या पानासारखा थरथरायचा. पण गडी होता.

वच्छला हळूच म्हणाली, "आत्याबाई, त्यायचा हात..."

"गड्याचा हात हाये ना? मंग झालं."

मैनाबाईनं बैल धरले, सहदेवबुवानं माझ्या चाड्यावर मूठ धरली. अरे देवा! कधी एकदम ओंजळभर बी माझ्या नळ्यांत कोंबलं जायचं, कधी चार पावलं काहीच नाही. नळी तुंबली की माझा जीव गुदमरायचा.

"सूनबाई, बी सारखं पडून राह्यलं ना व?" म्हातारा विचारायचा.

"पडून राह्यलं, पडून राह्यलं," मैनाबाई पुढून म्हणायची.

मागून येणारी वच्छला खाली बसली आणि बोटानं माती उकरली. एका जागी गहूच गहू, चिमण्यांची पंगत बसेल इतका. पुढं चार पावलं कडक उपास. पाव वावर झालं आणि निम्मं बी संपलं. म्हाताऱ्यानं ओटीत हात घालून पाहिला, आणि त्यालाही कळलं.

"मैनाबाई, मले माफ कर," तो म्हणाला. "मले दिसत नाही. पन तुमी बोलावलं तं नाही कसं म्हनू? गावात कोनं तरी मले गडी म्हनून बोलावलं, लय दिवसांनी."

त्याच्यावर कोणाला रागावता येईल? वच्छलानं त्याला गुळपाणी दिलं. पण मला आता दुहेरी घोर लागला. ओल चालली होती, आणि उरलेलं बी उरलेल्या वावराला कसंबसं पुरणारं होतं. तेही एक दाणा वाया न जाता. असा हात गावात एकच होता, आणि तो मला चालत नव्हता.

वच्छला पाटलाकडे गेली. महादेवराव पाटील माणूस वाईट नव्हे. तिनं डोक्यावरचा पदर सावरून आडोशानं विचारलं, "मी पेरू का?" तिथून परत आली तेव्हा सासूनं विचारलं, "काय म्हने?"

"म्हने, आशाबाईचं विसरली का. म्हने, थांब आठ रोज."

"अन् आठ रोजानं?"

"आठ रोजानं ओल पाताळात."

दोघी गोठ्यात माझ्याजवळच बसल्या होत्या. मग वच्छला म्हणाली, आणि तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, "आत्याबाई, एक विचारू? आशाबाईनं पेरलं त्या साली चांदूर बाजारले पाऊस होता?"

"कुठचा व! तिथं बी दुष्काळ. अकोल्यापावेतो गवताची काडी नोती."

"मंग तिथं बी आशाबाईच पेराले गेल्ती का?"

इतकी सालं मी त्या होळीला भीत आले. तिफण का जाळली, हे मी मनाशी विचारलं होतं. पण पाऊस कुठं कुठं पडला नव्हता, हे मला कधी विचारावंसं वाटलंच नाही.

तरी भीती काही लगेच जात नाही. मैनाबाईची तर नाहीच गेली. ती उठली, आत गेली, आणि खुंटीवरचं नत्थुजीचं जुनं पागोटं घेऊन आली.

"हे तिफणीच्या रुमन्यावर ठेवू," ती म्हणाली. रुमणं म्हणजे माझी धरायची मूठ. "पागोटं हाये, म्हंजे धनी हाये. पेरनार तो. तू फक्त हात लाव."

"असं चालते?"

"काहून नाही? माया आत्याच्या लग्नात नवरदेव पुरात अडकला. मुहूर्त चालला टळून. तं त्याच्या पागोट्यासंगं लगीन लावलं. सहा लेकरं झाले."

"पागोट्याले?"

"चूप बस व, मेले!" मैनाबाई म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा दोघी हसल्या. हसता हसता मैनाबाईनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला वावरात घेऊन गेल्या. पागोटं माझ्या रुमण्यावर. मैनाबाई पुढं, बैलांचा कासरा धरून. वच्छलानं ओटीत गहू घेतला, नांदगावच्या दिशेनं हात जोडले आणि मूठ माझ्या चाड्यावर आणली.

वाटलं, आता आभाळ फाटेल, आता मी दुभंगेन, आता हिला माहेरी धाडतील. आणि तो हात टेकला. कोमट होता. मला इतकं ओळखीचं काही तरी वाटलं, आणि एकदम आठवलं, सुताराची बायको चाडं घासायची तेव्हा हात असाच टेकवायची.

बी उतरू लागलं. सर्र, सर्र, सर्र. तीनही नळ्यांतून सारखं. ना कोंबलं जात, ना तुटत. बैल अडखळले की तिची मूठ आवळायची, चालू लागले की सैल व्हायची. मी इतकी वर्षं पेरत आले, पण आपण पेरतोय म्हणजे काय करतोय हे मला त्या दिवशी कळलं. खंडेश्वराला मनातल्या मनात म्हटलं, देवा, तो नवस मोड. मोडल्याचं पाप माझ्या माथी.

दुपारी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, माणसं जमली. चार जण, मग आठ. महादेवराव पाटीलही आले.

"मैनाबाई! हे काय लावलं? कोन पेरून राह्यलं?"

मैनाबाईनं बैल थांबवले. "दिसत नाही का पाटीलबुवा? माया लेकाचं पागोटं पेरून राह्यलं."

"अन् हात कोनाचा?"

"पागोट्याले हात असतेत का? म्हनून हिनं उसना देल्ला."

लोक हसले. पाटलांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी पागोट्याकडे पाहिलं, उरलेल्या वावराकडे पाहिलं. त्यांनाही गव्हाची ओल समजत होतीच. "पागोटं हाये तं मंग..." असं पुटपुटले आणि माघारी वळले. जाताना एवढं म्हणाले, "पन पुढच्या सालचा पाऊस! तो आला नाही तं मी काही बोलनार नाही बाप्पा. गाव बोलन."

ते वाक्य माझ्या फणात अडकलेल्या खड्यासारखं राहिलं. अजून आहे.

वावर दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत पेरून झालं. बी नेमकं पुरलं. मग सात दिवस वच्छलानं एक घास सुखानं खाल्ला नाही. आठव्या दिवशी गहू उगवला. सहदेवबुवानं पेरलेल्या तुकड्यात झुबके झुबके. आणि पुढं धुऱ्यापर्यंत हिरव्या रेघा, एकसारख्या.

गाव बघायला आलं. आणि काय म्हणालं ठाऊक आहे? "नत्थुजीच्या पागोट्यात लय गुन हाये बाप्पा!" पारावर हीच गोष्ट. विहिरीवर हीच गोष्ट. पागोट्यानं पेरलं, पागोट्यानं उगवलं. पहिल्यांदा ऐकून वच्छला हसली. दुसऱ्यांदा थोडंसं. मग हसायची थांबली.

शेजारची दुर्गाबाई आली. तिचाही नवरा खामगावच्या रांगेत अडकलेला, तिचाही हरभरा राहिलेला. "वच्छले, दोन रोज पागोटं दे ना व."

वच्छलानं पागोटं दिलं. दुर्गाबाई दुसऱ्याच दिवशी दुपारी घामाघूम होऊन परत आली आणि पागोटं वच्छलाच्या मांडीवर टाकलं.

"नुसत्या पागोट्यानं काही होत नाही बाई! माया हातून ढीग पडते नाहीतं खंड पडते. तू चाल. मूठ कशी धरतं ते दाखव."

वच्छला उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तोवर पाहिलं नव्हतं. पण ही गोष्ट दोघींतच राहिली. दुर्गाबाईचा हरभरा उगवला, आणि पागोट्याची कीर्ती आणखी वाढली.

मार्गशीर्षात नत्थुजी आला. तापानं अर्धा झालेला, गालाची हाडं वर आलेली. गावाच्या तोंडाशीच लोकांनी त्याला अडवलं आणि पागोट्याची गोष्ट सांगितली. घरी पाणी पिऊन तो तसाच खालच्या वावराकडे निघाला. मागं पाटील, खुशालराव, आणखी दहा-बारा माणसं. मैनाबाई आणि वच्छलाही मागून आल्या, धुऱ्यावर उभ्या राहिल्या. मी तिथंच बाभळीला टेकवलेली होते.

हा आता काय बोलेल? 'पागोट्यानं पेरलं' म्हणाला तर सगळं झाकलं जाईल, पुढच्या पावसाचा ठपकाही कदाचित टळेल. खरं बोलला तर आशाबाईची वाट हिच्यापुढं उघडी. आणि तापातून उठलेला माणूस. त्याला आयतं नाव मिळत असेल तर तो ते का सोडेल?

नत्थुजी तासांत उकिडवा बसला. दोन रोपांच्या मधे बोटं ठेवून पाहिली. मग उठून थेट वळणावर गेला, जिथं बैल फिरतात. तिथं पुन्हा बसला. बराच वेळ.

"पाह्यलं का नत्थू," पाटील म्हणाले, "तुहा हात पागोट्यात बी उतरला."

"माहा हात नोय हा," नत्थुजी म्हणाला.

"म्हंजे?"

"वळनावर माया हातून बी जास्त पडते. बापाच्या हातून बी पडे. मले ठाऊक हाये, म्हनूनच मी इथं आलो. इथं पाहा, वळनावर बी सारखं हाये." तो उभा राहिला. "हे वच्छलानं पेरलं. मायनं बैल धरले, अन् वच्छलानं पेरलं."

खुशालराव तोंडावर उपरणं धरून हसायच्या बेतात होता, तो तसाच राहिला.

"लेका, बायकोचं नाव घेतलं?" पाटील म्हणाले. "चार लोकांत?"

"मंग कोनाचं घेऊ? पागोट्याचं?"

धुऱ्यावर वच्छलानं पदर तोंडाशी धरला होता. हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही. मैनाबाई मात्र मला दिसली. ती कुठल्याही पूजेला उभी राहते तशी उभी होती, सरळ, हात जोडून.

पाटलांनी आभाळाकडे पाहिलं. "पीक चांगलं हाये," शेवटी म्हणाले. "पावसाचं पाहू."

गहू आला, मळला, कणगीत भरला. यंदा बाजारात धान्य खरंच मिळेना. आमच्या घरात पोळी आहे. सहदेवबुवाच्या घरीही वच्छला पाठवते.

आज ज्येष्ठ आहे. मृग लागायला बारा दिवस उरलेत. मी गोठ्यात टांगलेली आहे, माझी एक नळी चिरली आहे आणि नांदगावचा सुतार उद्या येणार आहे. आभाळ अजून कोरडं पांढरं आहे. पारावरची माणसं वर बघतात आणि मग आमच्या घराकडे बघतात. पाऊस उशिरा आला तर ती येतील, हे मला माहीत आहे. भीती गेलेली नाही. गेली असं सांगितलं तर खोटं होईल. पण रोज सकाळी अंगणात नत्थुजी चार लोकांसमोर हाक मारतो, "वच्छला, पानी दे व," आणि हसणारे एकेक करून कमी होत चाललेत.

म्हणून माझं एवढं ऐका. मला हात नाहीत, असते तर तुमच्यापुढं जोडले असते. तुमच्या घरी कोणी विचारलं, हे सुरेख कोणी केलं, तर नत्थुजीनं केलं तसं करा. जिनं केलं तिचं नाव घ्या. 'घरात झालं' म्हणू नका, 'गड्यावानी केलं' म्हणू नका. चार माणसांत, तिला ऐकू जाईल असं, तिचं नाव घ्या. पहिल्यांदा जीभ अडखळेल, लोक हसतील. घ्या तरी. पावसाचं देवाच्या हाती आहे, तो येईल तेव्हा येईल. नाव मात्र आजच घ्या.